दुजोरा आणि कारणमीमांसा : 'मित्राची गोष्ट'मधील श्रोत्याच्या निमित्ताने

'समुपदेशन' ही संज्ञा मराठीत आता रुळली आहे. परंतु तिच्या पोटातला 'उपदेश' अद्याप पुरता जिरलेला नाही. 'कौन्सेलिंग'ला प्रतिशब्द घडविताना आपण उपदेशाला 'सम्' हा उपसर्ग लावून सौम्य केले, एवढेच. उपदेशाच्या रचनेत बोलणारा जाणता आणि ऐकणारा अज्ञ असतो. समुपदेशनाच्या प्रत्यक्ष व्यवहारात हे नाते नेमके उलटे होते. तेथे बोलायचे असते ते व्यथित व्यक्तीने आणि ऐकायचे असते ते तज्ज्ञाने. म्हणजे शब्द एक सांगतो आणि व्यवहार दुसरेच मागतो. वास्तविक ऐकण्याच्या कृतीविषयी मराठी परंपरा उदासीन नव्हती. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. आणि ते मिळाले तरच आपले बोलणे सिद्धीस जाईल, अशी तेथील भूमिका आहे. श्रोता हा कथनाचा सहकर्ता असतो, ही गोष्ट कथनमीमांसा पश्चिमेकडून येण्याच्या कितीतरी आधी आपल्याला ठाऊक होती. तरीही नव्या व्यवसायाला नाव देताना आपल्याला 'अवधान' आठवले नाही, 'उपदेश' आठवला. शब्दाच्या या निवडीला फार अर्थ चिकटवू नये हे खरे. पण समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या वाट्याला समुपदेशनाच्या नावाखाली दीर्घकाळ जे आले, ते उपदेशाहून फारसे वेगळे नव्हते, हेही तितकेच खरे.

गेल्या काही दशकांत या क्षेत्रात जी वेगळी पद्धती आकाराला आली तिला इंग्रजीत 'अफर्मेटिव्ह' असे विशेषण लावले जाते. ॲलन मॅलियन यांनी १९८२ मध्ये समलिंगी पुरुषांच्या मानसोपचारासंबंधी लिहिताना ते वापरले. आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २०१३ मध्ये केतकी रानडे आणि श्रुती चक्रवर्ती यांनी या पद्धतीची प्रशिक्षण-पुस्तिका सिद्ध केली, आणि २०१९ पासून मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी तिचा अभ्यासक्रम चालविला. या विशेषणाला मराठी पर्याय काय? 'सकारात्मक' हा शब्द यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांनी निरुपयोगी करून टाकला आहे. 'स्वीकारशील' म्हणावे तर स्वीकारणारा मोठा आणि स्वीकारला जाणारा उपकृत, अशी एक छटा त्याला येते. प्रस्तुत लेखकाला 'दुजोरा' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. त्याला शास्त्रीय परिभाषेचे वजन नाही, हे मान्य. पण त्यात 'दुजा' ऐकू येतो. एकाने जे म्हटले ते दुसऱ्याने 'होय, असेच आहे' म्हणून उचलून धरणे, ही कृती त्यात आहे. या पद्धतीचा गाभाही तोच आहे. समलिंगी आकर्षण किंवा पारलिंगी अस्मिता ही विकृती नव्हे, हे तिचे प्रारंभिक गृहीतक असते. समोरच्या व्यक्तीला ते सिद्ध करून दाखवावे लागत नाही. दुःखाचा उगम व्यक्तीच्या कामनेत शोधण्याऐवजी त्या कामनेभोवतीच्या वैरभावात शोधला जातो. इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलेली 'अल्पसंख्याक-ताणा'ची संकल्पना या दृष्टीचा सैद्धांतिक आधार मानली जाते.

हा विषय मानसशास्त्राचा आहे, त्यात साहित्यसमीक्षकाने का पडावे, अशी शंका येथे घेतली जाईल. तिचे उत्तर असे की, समुपदेशन ही आधी एक वाचनकृती आहे. कोणीतरी आपली कथा सांगतो आणि दुसरा तिचा अन्वयार्थ लावतो. अन्वयार्थ लावण्याच्या पद्धती वाङ्मयीन असतात, आणि त्या चुकल्या तर वाङ्मयात जे बिघडते त्याहून कितीतरी अधिक येथे बिघडते. तेव्हा प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच : कारण शोधणारे वाचन आणि दुजोरा देणारे वाचन या दोन भिन्न वाचनपद्धती आहेत, सहानुभूती ही त्या दोहोंच्या मधली जागा असून ती पुरेशी नाही, आणि या अपुरेपणाचा मराठीतील सर्वांत अचूक दस्तऐवज विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये आहे.

नाटकाकडे वळण्यापूर्वी कारण शोधणाऱ्या वाचनाचा आदर्श नमुना पाहिला पाहिजे. फ्रॉइडने १९२० मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीची केस प्रसिद्ध केली. ही मुलगी आपल्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असलेल्या एका स्त्रीच्या प्रेमात होती. त्या स्त्रीबरोबर रस्त्याने जाताना वडिलांनी तिला पाहिले, संतप्त नजर टाकली, आणि मुलीने लगेच लोहमार्गाच्या खोलगट भागात उडी घेतली. ती वाचली. पुढे वडिलांनी तिला फ्रॉइडकडे आणले. फ्रॉइडच्या प्रामाणिकपणाची दाद द्यायला हवी अशी एक गोष्ट त्याने नोंदविली आहे : ही मुलगी कोणत्याही अर्थाने आजारी नव्हती आणि तिची स्वतःची काही तक्रारही नव्हती. तक्रार वडिलांची होती. असे असूनही पुढील सारे विवेचन तिच्या प्रेमाचे मूळ शोधण्यात खर्ची पडते. वडिलांच्या नजरेचे मूळ कोणी शोधत नाही. एका नजरेने मुलगी मरणाच्या दारात जाते आणि केस मात्र मुलीची होते! 'केस हिस्टरी' या वाङ्मयप्रकाराचे हे मूलभूत वैशिष्ट्य आहे. तिला एक नायक लागतो, एक विपरीत घटना लागते आणि मागे मागे जात सापडणारे एक कारण लागते. ज्याचे कारण शोधले जाते ते आपोआप विपरीत ठरते. भिन्नलिंगी प्रेमाची कारणमीमांसा करण्याची गरज कोणाला भासली आहे?

याच फ्रॉइडने १९३५ मध्ये एका अमेरिकन मातेला लिहिलेल्या पत्रात समलैंगिकता हा आजार नाही आणि तिच्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही, असे कळविले. केसमध्ये जे त्याला साधले नाही ते पत्रात साधले. याचे श्रेय काही अंशी वाङ्मयप्रकाराला द्यावे लागेल. पत्राला समोर कोणीतरी असते. केसला केवळ विषय असतो.

पत्राचा उल्लेख निघालाच आहे तर र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'ची आठवण अपरिहार्य आहे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे चाललेल्या या मासिकात वाचकांचे लैंगिक प्रश्न आणि संपादकांची उत्तरे छापली जात. हस्तमैथुन, समलैंगिकता यांसारख्या विषयांवरील अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकरांच्या वकिलीमुळे हा खटला आज पुष्कळांना ठाऊक आहे. येथे लक्ष वेधायचे आहे ते त्याच्या स्वरूपाकडे : विचारणाऱ्याला शासन झाले नाही, उत्तर देणाऱ्याला झाले. निनावी वाचकाची व्यथा समाजाला खपत होती. तिला छापील, जबाबदार, नावानिशी मिळालेला प्रतिसाद खपत नव्हता. दुजोऱ्याची किंमत देणाऱ्याला मोजावी लागते, हे मराठीत दोनशे रुपयांच्या रूपाने प्रथम नोंदविले गेले. मात्र प्रश्नोत्तराच्या सदराला एक अंगभूत मर्यादा आहे. उत्तर छापले की संवाद संपतो. त्या वाचकाचे पुढे काय झाले, हे संपादकाला कळत नाही.

'मित्राची गोष्ट'मध्ये हेच 'पुढे काय झाले' साऱ्या नाटकभर व्यापून आहे. १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा काळ चाळीसच्या दशकातला आणि स्थळ पुणे. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही कॉलेजातली धीट विद्यार्थिनी, तिची नमावरची आसक्ती, नमावर हक्क सांगणारा दळवी, मित्राच्या प्रेमात पडणारा पांडे, आणि या सर्वांच्या मध्ये बुजरा, सज्जन, सतत हाताशी असलेला बापू. शेवटी मित्राची आत्महत्या. नाटकाविषयी बोलताना आपण बहुधा मित्राविषयी बोलतो. मराठी रंगभूमीने स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम उघडपणे मांडले, याचे ऐतिहासिक महत्त्व सांगतो. ते योग्यच आहे. परंतु शीर्षकाकडे पुन्हा पाहावे. 'मित्रा' हे नायिकेचे नाव आहे; सामान्यरूपातला 'मित्र'ही त्यात आहे. ही गोष्ट मित्राची, म्हणजे सुमित्रेची; आणि ही गोष्ट मित्राची, म्हणजे बापूची. निवेदक बापू आहे. मित्रा आपल्यापर्यंत पोचते ती बापूच्या आठवणीतून, ती गेल्यानंतर. तिचे म्हणणे तिच्या तोंडून येत असले तरी ते कोठे सुरू करायचे आणि कोठे थांबवायचे, हे बापू ठरवितो. रचनेच्या दृष्टीने पाहता ही केस हिस्टरीच आहे, फक्त ती लिहिणारा डॉक्टर नसून मित्र आहे.

बापू काय काय करतो? तो ऐकतो. मित्रा आपल्या पूर्वीच्या आत्मघाताच्या प्रयत्नाविषयी, आपल्या देहाविषयी, पुरुषाची ओढ नसण्याविषयी ज्याच्यापाशी मन मोकळे करते, तो बापू आहे. तो तिचे गुपित जपतो. आपली खोली तिला नमाला भेटण्यासाठी देतो. बदनामी सोसतो. आजच्या परिभाषेत सांगायचे तर गोपनीयता, निर्विवाद आस्था, सुरक्षित अवकाश, हे सर्व बापू पुरवितो. कार्ल रॉजर्सने समुपदेशकाकडून अपेक्षिलेली विनाअट आदराची वृत्तीही त्याच्या ठायी बरीचशी आहे. असे असूनही मित्रा वाचत नाही. येथे एक सोपे उत्तर तयार असते : समाज क्रूर होता, दळवी नीच होता, नमा दुबळी होती. ही उत्तरे खोटी नाहीत. पण नाटकाचा ताण या उत्तरांत नाही. तो बापूच्या अपराधीपणात आहे. नाटक संपते तेव्हा प्रेक्षकाच्या मनात दळवीविषयी संताप असतो, पण अस्वस्थता बापूविषयी असते. कारण प्रेक्षकही बापूसारखाच दोन-अडीच तास सहानुभूतीने ऐकत बसलेला असतो.

बापूच्या ऐकण्यात उणीव आहे ती अशी की, तो मित्राला ऐकतो, पण तिच्या म्हणण्याला दुजोरा देत नाही. तो तिच्या दुःखाच्या बाजूने उभा आहे; तिच्या प्रेमाच्या बाजूने उभा असल्याचे जाणवत नाही. हे दोन वेगळे पक्ष आहेत. तो खोलीची किल्ली देतो ती तिचा हट्ट मोडवत नाही म्हणून, तिचे प्रेम त्याला कोणत्याही दोन माणसांच्या प्रेमासारखे वाटते म्हणून नव्हे. मित्रा स्वतःकडे एक विपरीत प्राणी म्हणून पाहते, आणि बापूपाशी त्या पाहण्याला छेद देणारे दुसरे पाहणे नसते. तिच्या स्वतःविषयीच्या भाषेत तो केवळ कळवळा मिसळतो. बापूला दोष देण्याचा येथे हेतू नाही. १९४० च्या पुण्यातल्या एका पोराकडे हे शब्द येणार कोठून? ते १९८१ च्या नाटककाराकडेही पूर्णत्वाने नव्हते असे म्हणता येईल. आणि तेंडुलकरांचे मोठेपण असे की, त्यांनी ते असल्याचा आव आणला नाही. त्यांनी शब्दांचा अभावच रंगमंचावर उभा केला.

येथे एक वैयक्तिक खुलासा करणे भाग आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कौशल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय रद्द करून कलम ३७७ पूर्ववत केले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एम.ए.च्या वर्गात प्रस्तुत लेखक हे नाटक शिकवीत होता. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. 'सर, बापूनं तिला एकदा तरी सांगायला हवं होतं,' असे तो म्हणाला. काय सांगायला हवे होते, असे विचारता तो गप्प राहिला. मग दाराकडे पाहत म्हणाला, 'मीही तसाच आहे, सर.' त्यावर प्रस्तुत लेखकाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'कधीपासून?' असा. आवाजात आस्था होती, याची आजही खात्री आहे. ती बापूच्याही आवाजात होती. त्यानंतर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे, असा सल्लाही दिला गेला. विद्यार्थ्याने मान डोलावली, 'येतो, सर' म्हटले. तो पुढे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, निकालाच्या दिवशी विभागात येऊन पेढे देऊन गेला. त्या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही.

'कधीपासून' हा प्रश्न ताप आलेल्या माणसाला विचारतात. त्यात कारणमीमांसेची सारी यंत्रणा सामावलेली आहे : आरंभबिंदू असला पाहिजे, त्यापूर्वीची निरोगी अवस्था असली पाहिजे, आणि तिच्याकडे परतण्याचा मार्गही असला पाहिजे. नाटकाचे विश्लेषण करताना बापूची उणीव जो प्राध्यापक फळ्यावर मांडीत होता, तोच दहा मिनिटांनी बापूच्याही मागे गेला. वाचनाची सवय वर्गाच्या दाराशी सुटत नाही.

या सवयीला वैद्यकाने दीर्घकाळ शास्त्राचा दर्जा दिला होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आपल्या विकारसूचीतून वगळली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याआधीच्या वर्षी जॉन फ्रायर या मनोविकारतज्ज्ञाला आपण स्वतः समलिंगी आहोत हे आपल्याच संघटनेच्या अधिवेशनात सांगण्यासाठी मुखवटा घालून, आवाज बदलून बोलावे लागले होते, हे मात्र कमी सांगितले जाते. अधिक उद्बोधक आहे तो १९७३ नंतरचा प्रकार. १९८० च्या सूचीत 'स्वतःलाच नकोशी वाटणारी समलैंगिकता' असा एक विकार मागच्या दाराने पुन्हा आला आणि १९८७ पर्यंत टिकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये संमत झालेल्या वर्गीकरणातही त्याचा एक अवतार राहिला होता. तो २०१९ मध्ये स्वीकृत होऊन २०२२ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात गेला.

वरकरणी ही तरतूद व्यक्तीच्या इच्छेचा मान राखणारी दिसते. ज्याला बदलायचे आहे त्याला मदत का नाकारावी? साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक मूलभूत चूक दिसायला हवी. 'मला हे नको आहे' हे वाक्य प्रथमपुरुषी आहे म्हणून त्याचा कर्ता बोलणारी व्यक्तीच आहे, असे धरून चालणारा वाचक भाबडा होय. मिखाईल बाख्तिन यांनी दाखविले की, आपल्या उच्चारात परक्याचे शब्द वसलेले असतात. कादंबरीतले पात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या आवाजात स्वतःविषयी बोलते. 'मला बदलायचे आहे' असे सांगणाऱ्या तरुणाच्या वाक्यात बाप बोलतो, शाळेतली चिडवणारी पोरे बोलतात, कीर्तनकार बोलतो, हिंदी चित्रपटातला विनोदी नट बोलतो. दुजोरा देणारा समुपदेशक ते वाक्य खोडून काढीत नाही. हे वाक्य प्रथम कोणाकडून ऐकले, असे विचारतो. 'कधीपासून' आणि 'कोणाकडून' या दोन प्रश्नांतले अंतर लहान दिसते. पहिला प्रश्न कामनेचे मूळ शोधतो, दुसरा लाजेचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले की एकाच आवाजातले अनेक आवाज सुटे होतात, आणि त्यांत एखादा बोलणाऱ्याचा स्वतःचाही सापडतो.

अर्थात यात धोका नाही असे नव्हे. फूकोने १९७६ मध्ये 'लैंगिकतेचा इतिहास' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कबुलीच्या प्रथेची जी चिकित्सा केली ती दुजोरा देणाऱ्या समुपदेशकालाही लागू पडते. जो कबुली ऐकतो तोच कबुली देणाऱ्याची ओळखही घडवतो. खुर्ची बदलली म्हणून सत्ता जात नाही. पारलिंगी व्यक्तींच्या संदर्भात या आक्षेपाचे एक जिवंत उदाहरण उपलब्ध आहे. हॅरी बेंजामिन यांचा या विषयावरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील चिकित्सालयांत तो प्रमाणभूत ठरला. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या व्यक्तींच्या जीवनकथा त्या ग्रंथातील वर्णनाशी तंतोतंत जुळतात, हे पाहून डॉक्टरांना प्रथम समाधान वाटले. पुढे उलगडा झाला तो असा की, येणाऱ्या व्यक्तींनीही तो ग्रंथ वाचलेला होता. सँडी स्टोन यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात याची मार्मिक चिकित्सा केली आहे. परवाना मिळवायचा तर मंजूर कथानक सांगणे भाग होते : बालपणापासूनची खात्री, चुकीच्या देहात अडकल्याची भावना, संदिग्धतेला कोठेही वाव नाही. संहिता वाचक घडवते असे आपण सिद्धान्तात म्हणतो. येथे ती रुग्ण घडवीत होती. समुपदेशकाची सही ही हार्मोनच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वाटेवरची चौकी होती तोवर समोरचा माणूस त्याला तेच सांगणार जे त्या चौकीतून पार जाते. तेव्हा दुजोऱ्याची एक अट अशी की, ऐकणाऱ्याने आपल्या हातातला शिक्का बाजूला ठेवला पाहिजे; निदान तो हातात आहे हे कबूल केले पाहिजे.

याउलट शिक्का नसलेल्या श्रोत्याचे एक उदाहरण मराठी आत्मकथनात आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा, मी लक्ष्मी' या २०१२ मधील आत्मकथनात किशोरवयातील एक भेट येते. आपण वेगळे का, या प्रश्नाने व्याकूळ झालेले ते मूल माटुंग्याच्या एका उद्यानात अशोक राव कवी यांना भेटते, आणि विकृती तुझ्यात नाही, भोवतीच्या जगात आहे, अशा आशयाचा धीर त्याला मिळतो. जोडीला अभ्यास पुरा करण्याची तंबीही. 'बॉम्बे दोस्त' १९९० मध्ये निघाले आणि 'हमसफर ट्रस्ट' १९९४ मध्ये. राव कवी पत्रकार होते, समुपदेशक नव्हते. पण त्या प्रसंगात 'कधीपासून' हा प्रश्न नाही. बापूला जे वाक्य सापडले नाही ते येथे कोणा पदवीधराच्या नव्हे, तर समदुःखी माणसाच्या तोंडी सापडते. व्यावसायिक समुपदेशनाने जे पुढे पुस्तकात मांडले ते आधी बागेतल्या बाकावर घडत होते, याची नोंद मानसशास्त्राच्या इतिहासकारांनी घ्यायला हवी.

दुजोऱ्याचा अभाव मराठी कादंबरीत कसा रूप घेतो, याचे एकच उदाहरण पुरे. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्यावर प्रेम करतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. विरह एकच आहे. बहिणीच्या विरहाला घर आहे. ती पळून गेली, परत आली, म्हणजे तिच्यावर चिडायला, तिची काळजी करायला, तिच्याविषयी कुजबुजायला माणसे आहेत. भावाच्या विरहाला कोणी साक्षीदारच नाही. म्हणून त्याचे निवेदन निघून गेलेल्या त्या 'तू'लाच उद्देशून होते. पुष्कळांनी या संबोधनाकडे शैलीचा विशेष म्हणून पाहिले. वास्तविक ती श्रोत्याच्या अभावाची खूण आहे. घरात चार माणसे असताना ज्याला गैरहजर माणसाशीच बोलावे लागते, त्याच्या वाक्यरचनेत ते उतरणारच.

हे सारे अलीकडे बदलते आहे का? कायद्याच्या पातळीवर पुष्कळ बदलले. २०१४ चा नालसा निर्णय आणि ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेजसिंग जोहर निर्णय यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजाराचा आधार मानता येणार नाही, असे म्हटले. त्याची चर्चा मराठीत तुलनेने कमी झाली. परंतु वाचनपद्धतीतील बदलाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने एक वेगळाच मजकूर वाचावा, असे सुचवावेसे वाटते. तो म्हणजे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांचा ७ जून २०२१ चा आदेश. मदुराईहून घर सोडून चेन्नईला आलेल्या दोन तरुणी संरक्षण मागत होत्या. न्यायमूर्तींनी त्या तरुणींना आणि त्यांच्या पालकांना समुपदेशकाकडे पाठविले; इथवर काही नवे नाही. नवे ते पुढे. या विषयी आपले पूर्वग्रह आहेत, आपल्याला पुरेसे ज्ञान नाही, असे मान्य करून निकाल देण्यापूर्वी न्यायमूर्ती स्वतः एका मानसशास्त्रज्ञासमोर शिकण्यासाठी बसले, आणि ते त्यांनी आदेशात लिहून ठेवले. न्यायनिर्णय या वाङ्मयप्रकारातील निवेदक सर्वज्ञ असतो. येथे तो शिकाऊ झाला. लैंगिक कल वैद्यकीय उपायांनी बदलण्याच्या प्रयत्नांना याच आदेशाने मनाई केली. या प्रकरणातील पुढच्या सुनावण्यांतून दोन गोष्टी निघाल्या : २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे 'उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले, आणि त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने या विषयाची तमिळ शब्दावली राजपत्रात प्रसिद्ध केली. सुधारणेची वाट सरळ मात्र नसते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच आयोगाच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्रीसमलैंगिकता 'अनैसर्गिक गुन्हा' म्हणून पुन्हा अवतरली. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये मागे घेण्यात आली.

तमिळ शब्दावलीचा मुद्दा मराठीच्या अभ्यासकांना लागणारा आहे. आपल्याकडे शब्द नाहीत असे नाही. ते वेगवेगळ्या वस्त्यांत राहतात. 'समलिंगी' व 'पारलिंगी' शासकीय वाटतात, 'तृतीयपंथी' वृत्तपत्रीय, 'हिजडा' आणि 'कोती' समाजाच्या आतले, बाहेरच्याने उच्चारले की शिवी होणारे. दक्षिण महाराष्ट्रात 'जोगता' आहे. राजन गवस यांच्या 'भंडारभोग'ने (१९८८) दाखविले आहे की, तो शब्द माणसाला देवीच्या दारी जागा देतो खरा, पण त्या माणसाला न विचारता देतो. समुपदेशकापुढे बसलेला तालुक्याच्या गावचा मुलगा यांतला कोणता शब्द उचलेल? बहुधा एकही नाही. तो 'तसा' म्हणेल. प्रस्तुत लेखकाचा विद्यार्थीही 'तसाच' म्हणाला होता. या 'तसा'ला घाईने 'गे' किंवा 'ट्रान्स' असे भाषांतरित करणारा समुपदेशक चांगल्या हेतूनेच पुन्हा एक मंजूर कथानक पुढे करीत असतो. स्वतःला ओळखणे, घरी सांगणे, अभिमान बाळगणे अशा इंग्रजीत ठरलेल्या पायऱ्यांचे कथानक. दुजोरा द्यायचा तो त्या माणसाला, पायऱ्यांना नव्हे. 'तसा' हे सार्वनामिक विशेषण आहे. त्याचा निर्देश कोठे आहे हे बोलणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि त्याला ते सांगायला वेळ लागू शकतो.

'मित्राची गोष्ट' शिकविणे चालू आहे. पूर्वी प्रश्नपत्रिकेत एक ठरलेला प्रश्न असे : 'मित्राच्या शोकांतिकेची कारणमीमांसा करा.' विद्यार्थीही ठरल्याप्रमाणे तिची प्रकृती, नमाचा दुबळेपणा, समाजाची बंधने असे क्रमवार लिहून मोकळे होत. गेली काही वर्षे विभागांतर्गत परीक्षेत तो बदलून 'बापू हा श्रोता म्हणून कोठे अपुरा पडतो, ते संहितेच्या आधारे स्पष्ट करा' असा केला आहे. हा प्रश्न अवघड असल्याची तक्रार दरवर्षी येते. मागील सत्रातील एका उत्तरपत्रिकेत नेहमीचे मुद्दे लिहून झाल्यावर खाली दोन ओळी जागा सोडून वाक्य होते, 'बापूने तिला कधी नमा कशी आहे, असे विचारले का?' संहिता काढून पुन्हा वाचावी लागली.